फ्रिजचे राहिलेले सात हप्ते

आमच्या घरातला फ्रिज कधी बिघडला नाही, हीच त्याची मोठी खोड. बिघडला असता तर भंगारवाल्याला देऊन मी मोकळा झालो असतो. बारा हप्त्यांपैकी मी पाच भरले, सात भरले नाहीत, आणि हा गडी मात्र बाराही हप्ते मिळाल्यासारखा इमानानं बर्फ करत राहिला. पाहुणे आले की माझी बायको मयूरी त्यांना थंड पाणी द्यायची, पाहुणे पाणी चांगलं थंड आहे म्हणायचे, आणि मी उगाच खिडकीबाहेर बघायचो.

हे मी एरवी कोणाला सांगितलं नसतं. मी नंदुरबारातल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ असं लिहिणारा हात माझा. बाकं मोडणाऱ्यांपासून मास्तरांच्या सायकलीतली हवा सोडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची वर्तणूक मी उदार मनानं चांगली ठरवलेली आहे. माझी स्वतःची वर्तणूकही कुठेतरी कोणीतरी महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवतंय, हे मात्र मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ऑक्टोबरातली गोष्ट. मयूरीनं जेवताना जाहीर केलं की तिला मिरची कांडप यंत्र घ्यायचंय. आमच्या गावाबाहेर पथाऱ्यांवर मैलभर लाल मिरची वाळत पडते, पण ती कांडून घ्यायला कॉलनीतल्या बायकांना हंगामात पहाटेपासून रांग लावावी लागते. मयूरीनं मागची पडवी मोजून ठेवली होती, यंत्राचं कोटेशन आणलं होतं, एक लाख साठ हजार, आणि त्रेचाळीस बायकांची नावं वहीत लिहून घेतली होती. कोण किती किलोचं तिखट करणार हेही पुढे लिहिलं होतं. इतकी नीट वही मी शाळेत कधी ठेवली नाही.

ती आधी बालवाडीत शिकवायची. आमची आशा सातव्या महिन्यातच जन्माला आली, तेव्हा तिनं ती नोकरी सोडली आणि नंतर कधी त्याबद्दल बोलली नाही. आता आशा दुसरीत गेली होती, पुढचा दात हलवत दिवसभर शाळेत बसायची, आणि मयूरीचे हात मोकळे झाले होते. मला म्हणाली, “फेब्रुवारीना पहिले मशीन उभं ऱ्हावाले पाहिजे. हंगाम गया की वरीस गया.” मी म्हटलं, त्यात काय, उद्या बँकेत जातो.

बँकेत स्टीफन गावित नावाचे अधिकारी होते, नवापूरकडचे, तिशीच्या आतले. त्यांच्या घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे ते पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध बोलत. असं शुद्ध बोलणाऱ्या माणसानं वाईट बातमी दिली की ती फार अधिकृत वाटते. मयूरीला पगार नाही, म्हणून कर्जात माझंही नाव लागणार होतं. त्यांनी माझा पॅन नंबर टाकला, कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे थोडा वळवून घेतला आणि विचारलं, “सर, आपण दोन हजार अठरा साली फ्रिज घेतला होता का?”

मी म्हटलं, घेतला होता, अजून आहे, छान चालतो.

ते म्हणाले, त्या खात्यापुढे ‘रिटन ऑफ’ असं लिहिलं आहे. यावर मला बरंच वाटलं. हे मला ठाऊक होतं, तसं एक पत्र मला कधीकाळी आलं होतं, आणि फ्रिजसाठी कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीनं मोठ्या मनानं बाकी माफ केली असा त्याचा अर्थ मी लावला होता. तसं मी त्यांना सांगितलंही. स्टीफन साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सर, कंपनीनं वसुलीची आशा सोडली,” ते म्हणाले. “तुम्हाला सोडलेलं नाही.”

मग त्यांनी मला सिबिल समजावून सांगितलं. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाचा एक अहवाल असतो. कुठला हप्ता किती दिवस उशिरा भरला, कुठला भरलाच नाही, सगळं त्यात येतं. पण जन्मभर राहत नाही. अशी नोंद साधारण सात वर्षांनी जुनी होऊन गळून पडते. माझं खातं फेब्रुवारी दोन हजार एकोणीसमध्ये बुडीत धरलेलं, म्हणजे येत्या फेब्रुवारीच्या आसपास ती आपोआप जाईल, दोनचार महिने मागेपुढे. नाहीतर दुसरा रस्ता, बाकी सगळी भरून टाकायची आणि कंपनीकडून खातं बंद झाल्याचं पत्र आणायचं; मग ते आमचं प्रकरण मॅनेजरसमोर ठेवतील. “पूर्ण भरा, सर. पूर्ण,” असं ते दोनदा म्हणाले. मी खिशातल्या डायरीत ‘पूर्ण’ हा शब्द दोनदा लिहिला. दोनदा का, हे विचारायचं सुचलं नाही.

त्यांनी अहवालाची चार पानं छापून दिली. ती मी आठ घड्या घालून शाळेत नेली आणि कपाटातल्या दाखल्यांच्या रजिस्टरमध्ये ठेवून कुलूप लावलं. घरी एवढंच सांगितलं की फ्रिजचं काहीतरी जुनं राहिलंय. हप्ते थकले होते हे मयूरीला ठाऊकच नव्हतं. ते दिवस ती चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात पोरीजवळ होती. आमची शाळा तेव्हा विनाअनुदानित, पगार कधी यायचा कधी नाही, आणि जो यायचा तो मी एसटीनं चिंचपाड्याला पोचवायचो. अशा वेळी बायकोला फ्रिजच्या हप्त्याचं काय सांगायचं? मग पोर घरी आली, कंपनीचं दुकानातलं टेबल उठून गेलं, माझा मोबाइल नंबर बदलला, आणि न सांगितलेली गोष्ट तशीच राहिली. न सांगितलेल्या गोष्टीवरही व्याज चढतं, हे त्या कंपनीइतकंच मलाही कळायला हवं होतं.

गोष्ट लपवायची म्हणून मी फक्त शेजारच्या उमाकांत नानांना सांगितली. नाना कोषागारातून निवृत्त झालेत, आणि निवृत्तीनंतर कॉलनीतल्या कुठल्याही कागदाला त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय गती नाही. दोन दिवसांत कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मला माझा सिबिलचा स्कोअर विचारू लागला. नानांचं म्हणणं, तीन प्रतींत अर्ज करायचा आणि एकीवर पोच घ्यायची, पोच हीच खरी. कशाचा अर्ज, कोणाला, हे त्यांच्या दृष्टीनं दुय्यम होतं. इस्त्रीवाल्याचं मत, सोनं गहाण टाकून नवं कर्ज घ्यावं आणि ते वेळेवर फेडावं म्हणजे जुनं झाकलं जातं. एका गृहस्थांनी तर तो फ्रिज माझा नाहीच असं शपथपत्र करायला सुचवलं. हे त्यांनी आमच्याच ओसरीवर बसून, त्याच फ्रिजचं पाणी पिता पिता सांगितलं.

माझी आई तापीबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती म्हणाली, “जे देनं शे ते देई टाक ना मोकळा व्हय.” सगळ्यांत बरोबर सल्ला हाच होता, आणि तो फुकट, घरातला आणि आईचा असल्यामुळे कोणी मनावर घेतला नाही.

मी कंपनीला फोन केला. सात हप्ते, प्रत्येकी चौदाशे पन्नास, म्हणजे दहा हजार दीडशे. तेवढे मी पतपेढीतून उचलायची तयारी ठेवली होती. फोनवरच्या माणसानं दंड, व्याज आणि आणखी दोन न कळणारे शब्द मिळवून अडतीस हजार चारशे सांगितले. मी तो आकडा मोठ्यानं पुन्हा म्हणून बघितला. नेमके त्याच वेळी माझे सासरे सुकलाल आबा केळीचा घड घेऊन दारात उभे होते.

आबांची ओळख करून द्यायला हवी. तापीकाठी त्यांची शेती आहे, केळी, कापूस आणि थोडी मिरची. पण पंचक्रोशीत नाव आहे ते घासाघिशीसाठी. कोणाला बैल घ्यायचा असो, लग्नाचा बस्ता बांधायचा असो की ट्रॅक्टर, लोक आधी आबांना गाडीत बसवतात. दुकानदारानं सांगितलेल्या पहिल्या भावाला पैसे देणं म्हणजे आबांच्या लेखी दुकानदाराचा अपमान आणि स्वतःच्या बापजाद्यांचाही. मिरची बाजारात त्यांना येताना पाहून व्यापारी चहा सांगतात म्हणे, कारण आता तासभर सुटका नाही. अडतीस हजार चारशे हा आकडा त्यांच्या कानावर पडला आणि त्यांनी केळीचा घड सावकाश खाली ठेवला.

“जवाईबापू,” ते म्हणाले, “फोन मन्हाकडे द्या.”

मी त्यांना ‘पूर्ण’ हा शब्द सांगितला, खोटं कशाला बोलू. डायरी उघडून दाखवली, दोनदा लिहिलेला दाखवला. आबा म्हणाले, बँकवाले पगारी माणसं, त्यांना भाव काय कळतो. मला ते पटलं, हा माझा गुन्हा. पगारी माणूस मीही होतो.

पुढचे चार दिवस आमच्या घरात जो खेळ झाला तो बघायला अर्धी कॉलनी येऊन बसली. आबा खाटेवर मांडी घालून, फोन उशीवर, स्पीकर चालू. पलीकडचा माणूस हिंदीत आकडा सांगायचा. आबा काहीच बोलायचे नाहीत. पलीकडून दोनदा हॅलो हॅलो झालं की एवढा मोठा सुस्कारा सोडायचे की फोनवरच्या माणसालाच अपराधी वाटावं. मग दुकानाची पायरी उतरून जातात तसा पटकन फोन कापायचे आणि बोट वर करून आम्हाला गप्प बसवायचे. दहा मिनिटांत फोन वाजायचा. असं तीनदा झालं. अडतीसचे बावीस, बाविसाचे चौदा, आणि चौथ्या दिवशी नऊ हजार. मुद्दलापेक्षाही कमी. उमाकांत नानांनी उठून आबांना नमस्कार केला. मी पैसे भरले आणि फाफडा-जिलेबी आणली. मयूरी वडिलांकडे बघून इतकी हसली की मला वाटलं, चला, सात वर्षांचं ओझं नऊ हजारांत उतरलं. दुसऱ्याच दिवशी तिनं साठवलेल्या पैशांतून यंत्राचे पाच हजार आगाऊ भरले.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. ते घेऊन मी आणि आबा बँकेत गेलो. आबांना स्वतःची कामगिरी अधिकृत माणसाच्या तोंडून ऐकायची होती, म्हणून ते धुतलेली टोपी घालून आले होते. स्टीफन साहेबांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

“सर, मी दोनदा म्हटलं होतं.”

पत्रात लिहिलं होतं ‘सेटल्ड’. म्हणजे या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, कंपनीनं मिळाले तेवढे घेतले आणि उरलेल्यावर पाणी सोडलं. आणि वर तारीख पडली डिसेंबर दोन हजार पंचवीसची. सात वर्षं झिजून झिजून जो डाग दोन महिन्यांत गळून पडणार होता, तो आम्ही चार दिवस मेहनत घेऊन, जिलेबी वाटून, पुन्हा कोरा करकरीत करून घेतला होता. आता मॅनेजरच काय, कुठलीही बँक ही ताजी तारीख बघणार.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “म्हंजे मी भाव पाडा म्हनीसन मन्ही पोरनं काम आडनं?”

स्टीफन साहेबांना त्यांची अहिराणी कळली की त्यांचा चेहरा कळला, ठाऊक नाही. ते खुर्चीवरून उठून आबांपर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “आबा, बाजारात कमी देणारा हुशार असतो. आमच्याकडे तोच नको असतो.” मग त्यांनी सांगितलं की अजून एक वाट आहे. सोडलेली रक्कम, एकोणतीस हजार चारशे, कंपनीला परत द्यायची आणि खातं पूर्ण बंद केल्याचं पत्र आणायचं. कंपनीनं ते कळवलं की ‘सेटल्ड’ जाऊन ‘क्लोज्ड’ होतं.

घरी आल्यावर मी मयूरीला बँकेतलं सगळं सांगितलं, फक्त हप्ते नेमके कधी आणि कसे थकले ते सांगितलं नाही, आणि ती चार पानंही दाखवली नाहीत. त्रेचाळीस नावांची वही तिनं उचलली, पदरानं पुसली आणि फ्रिजवर ठेवून दिली. मला किंवा वडिलांना ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि आबा न जेवताच गावाला निघून गेले, जे त्यांनी लेकीच्या घरी कधी केलं नव्हतं.

चार दिवसांनी पहाटेच ते पुन्हा दारात. केळीचे पैसे आले होते. पंधरा हजार त्यांनी माझ्यापुढे धरले. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेलो तर ते म्हणाले, मी बिघडवलं ते मीच निस्तरणार, तुम्ही मान सांभाळत बसा. उरलेले मी पतपेढीतून काढले. कंपनीनं आमचं नंदुरबार मधल्या काळात सुरतच्या ऑफिसला जोडलं होतं, म्हणून आम्ही सकाळच्या गाडीनं सुरतला गेलो.

पैसे घेणाऱ्या कंपनीला पैसे द्यायला जाणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. पहिल्या खिडकीवरच्या बाईनं खातं बघितलं आणि सांगितलं, तुमच्याकडे काही बाकी नाही. मी म्हटलं, तेच तर, बाकी नाही पण भरायचे आहेत. तिनं दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसरीवरचा म्हणाला, कॉम्प्युटर बाकी शून्य दाखवतो, शून्यावर पावती फाडता येत नाही. तिसऱ्या टेबलावर सांगितलं की देणं नसलेली रक्कम द्यायची असेल तर तसा अर्ज करा. इथे मात्र मी खूश झालो. उभ्या उभ्या ‘विषय : माफ केलेली रक्कम परत स्वीकारण्याबाबत विनंती’ असा अर्ज लिहिला, हिंदीत, तीन प्रतींत, आणि एकीवर पोच घेतली. उमाकांत नानांची मला त्या क्षणी खरोखर आठवण झाली.

दुपारी तीनला आम्हाला साहेबांकडे सोडलं. साहेबांना संशय आला होता. पैसे परत मागायला रोज माणसं येतात, जास्तीचे द्यायला हीच पहिली. हे दोघं नक्की काय लबाडी करतायत, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी नियम सांगू लागलो तर ते आणखीच सावध झाले. तेव्हा आबा पुढे सरकले आणि गुजरातीत बोलू लागले. सुस्कारा नाही, पायरी उतरणं नाही. एवढंच सांगितलं की माझी मुलगी आहे, तिला एक यंत्र घ्यायचंय, मी घासाघीस केली म्हणून तिचं अडलंय, तुम्ही पैसे घ्या.

साहेब आबांकडे बघत राहिले. मग मऊ होऊन म्हणाले, काका, तुमचं वय झालंय, एवढे कशाला, पंधरा हजार द्या, आपण मिटवून टाकू.

मी आबांकडे बघितलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा समोरचा माणूस न मागता अर्ध्यावर आला होता. आबांचा हात आपसूक पुढे गेला, जसा सौदा पक्का करताना जातो, आणि मध्येच थांबला. त्यांनी तो हात मागे घेतला, बंडीत घातला, आणि नोटांची सगळी थप्पी टेबलावर ठेवली. पूर्ण घ्या, म्हणाले, एक रुपया सोडायचा नाही.

पावती झाली, पत्राची तारीख मिळाली. निघताना आबा दारात थांबले, वळले आणि साहेबांना म्हणाले, एवढा मोठा धंदा दिला, चहा तरी पाजा. चहा आला. दिवसभरात आबांना मिळालेली सूट तेवढीच.

परतीच्या गाडीत ते खिडकीला टेकून बसले होते. नवापूर गेल्यावर म्हणाले, “जवाईबापू, बैल लेवाले घासाघीस ठीक शे. पोरना काममा नही करानी.” थोड्या वेळानं म्हणाले, हे सासूबाईंना सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगणार. चिंचपाडा स्टेशन अंधारात मागे गेलं तेव्हा दोघांनीही बाहेर बघितलं. ते दिवस दोघांनाही आठवत होते.

पत्र यायला जानेवारी गेला. ते बँकेत देऊन मी रोज शाळा सुटली की स्टीफन साहेबांच्या टेबलासमोरून उगाच जायचो, आणि ते मान हलवून नाही म्हणायचे. फेब्रुवारी अर्धा गेला, पथाऱ्यांवरची मिरची वाळून पोत्यांत भरली, बायका मयूरीला विचारू लागल्या, आणि वही फ्रिजवरच होती. मग एके दिवशी साहेबांनीच मला हाक मारली. पडदा या वेळी माझ्याकडे वळवला. खात्यापुढे लिहिलं होतं ‘क्लोज्ड’. जुन्या उशिराच्या महिन्यांचे रकाने त्यात दिसतच नव्हते. नवी नोंद आली की जुने महिने मागे पडतात, असं ते म्हणाले. मी त्यांचा हात इतका वेळ धरून ठेवला की मागच्या माणसाला वाटलं मी नातेवाईक आहे.

कर्ज मंजूर झालं, आणि होळीच्या आठवडाभर आधी यंत्र पडवीत उभं राहिलं. मयूरीनं हळदकुंकू वाहिलं आणि पहिली मिरची तिच्या वडिलांच्या शेतातली कांडली. कॉलनी शिंकून बेजार झाली. उमाकांत नाना कुंपणापलीकडून नऊ वेळा शिंकले आणि पंखा बाहेरच्या बाजूला बसवण्याबाबत अर्ज करतो म्हणाले, तीन प्रतींत. तोवर त्यांचंही चार किलो आलं होतं. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस बायका आल्या. मयूरीचे डोळे लाल, नाक लाल, आणि रात्री पैसे मोजायला बसली की तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला लिहिता येत नाही.

होळीच्या दिवशी मी शाळेतल्या कपाटातून ती चार पानं आणली. विचार असा होता की संध्याकाळी कॉलनीच्या होळीत गुपचूप टाकायची आणि सात वर्षांची लाज तिथेच संपवायची. पण आठ घड्यांचा कागद खिशात फुगतो. मयूरी अंगणात आशीच्या गळ्यात साखरेचा हार घालत होती. तिनं विचारलं काय आहे ते, आणि मी उत्तर शोधेपर्यंत कागद तिच्या हातात होता.

तिनं तो उघडला. मी मान खाली घालून उभा राहिलो. मार्चपासून जुलैपर्यंत शून्य, शून्य, शून्य. मग ऑगस्टच्या रकान्यात सव्वीस. सप्टेंबरात छप्पन्न, ऑक्टोबरात सत्त्याऐंशी, एकशे सतरा, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणऐंशी, आणि फेब्रुवारीत दोनशे सात. हे कसले आकडे म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, पाच ऑगस्टचा हप्ता चुकला, तिथून महिन्याअखेर किती दिवस थकले ते. मग सगळंच सांगितलं. हप्ते मीच थांबवले, तुला सांगितलं नाही, हे माझं.

मला वाटलं ती चिडेल. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

“पाच तारीखले हप्ता व्हता,” ती म्हणाली. “पाचलेच आशी व्हयनी.”

मग तिनं रकान्यावर बोट ठेवलं आणि वाचू लागली. सव्वीस : पोर सव्वीस दिवसांची, काचेच्या पेटीत, त्या दिवशी दवाखान्यातल्या आशा सिस्टरनी पहिल्यांदा मयूरीला पेटीच्या खिडकीतून आत बोट घालू दिलं, आणि पोरीनं ते धरलं. याच सिस्टरांचं नाव आम्ही पोरीला दिलं. छप्पन्न : दोनच दिवस आधी वजन अठराशे ग्रॅम भरलं आणि सिस्टरच्या शालीत गुंडाळून घरी आणलं. सत्त्याऐंशी : हसली, आधी तापीबाईंकडे बघून. एकशे सतरा : खोकला, पुन्हा चिंचपाडा. एकशे अठ्ठेचाळीस : नाताळात सिस्टरनी विणलेला स्वेटर आला तो. एकशे एकोणऐंशी : पालथी पडली. दोनशे सात : बसली, उशीला टेकून. त्यानंतर कंपनीनं आशा सोडली होती आणि रकाने कोरे होते.

त्या दिवसांचा आमच्याकडे एकही फोटो नाही. पोर जगते असं डॉक्टर म्हणेपर्यंत फोटो काढायचा नाही, असं आईनं बजावलं होतं, आणि मग त्या धास्तीत कोणी काही लिहून ठेवलं नाही. सात वर्षं मी ज्या हप्त्यांच्या लाजेनं मान खाली घालून फिरलो, त्यांच्याच कागदात कोणीतरी माझ्या पोरीचा एकेक दिवस मोजून ठेवला होता, आणि नव्या अहवालातून तो आता गेलेला होता. ही एकच प्रत उरली होती, आणि ती मी जाळायला निघालो होतो.

मयूरीनं कागद छातीशी धरला. “मी तठे पोरजोडे व्हतू. तुम्ही अठे एकलाच हाई दपाडी ठेवं?” ती म्हणाली. मी एकट्यानंच हे लपवून ठेवलं, तेच तिला लागलं होतं, आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी मिरची नव्हती.

तेवढ्यात आशी साखरेचा हार चावत असताना तिचा हलणारा दात निघाला. रक्त, आरडाओरडा, मग कौतुक. तापीबाईंनी तो दात तिच्या मुठीत दिला आणि पडवीच्या पत्र्यावर फेकायला लावला, नवा लवकर येतो म्हणून. दात पत्र्यावरून टणटण करत यंत्राच्या बाजूला कुठेतरी गेला. आशी आईजवळ आली आणि बोबडं विचारलं, कागदात काय लिहिलंय.

मयूरीनं मला कागद दिला आणि म्हणाली, ज्याचं काम त्यानं करावं. मी खिशातलं शाळेचं पेन काढलं. दोनशे सातच्या खाली, कोरी जागा होती तिथे, आयुष्यात सर्वांत नीट अक्षरात लिहिलं : कुमारी आशा. वर्तणूक : चांगली. मयूरीनं कागद परत घेतला, डोळे पुसून वाचला, आणि पेन माझ्या हातून काढून घेऊन त्याखाली आणखी एका माणसाचं नाव लिहिलं. ते माझं होतं. पुढे तिनं वेगळं काही लिहिलं नाही, फक्त ‘वर्तणूक : चांगली’च्या खाली, रजिस्टरात करतात तशा, दोन टिंबांच्या खुणा केल्या, म्हणजे वरीलप्रमाणे.